वाचकांचे प्रश्न : रस्ता मागायचा कसा?

मागच्या अंकात मी शाळेजवळच्या एका कोपऱ्याबद्दल लिहिलं होतं, जिथे अगदी वळणावर गाड्या लावलेल्या असायच्या आणि त्यामुळे रस्ता ओलांडायला आलेलं पोरगं ड्रायव्हरला दिसायचंच नाही, आणि तो कोपरा मोकळा करून घ्यायला आम्हा पाच जणांना अकरा महिने लागले. त्यावर इतकी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. काही कौतुकाची, काही शिव्यांची, बरीचशी "आमच्याकडे पण असंच आहे हो" वाली. त्यातली काही घेतलीयत. नावं मुद्दाम काढलीयत, कारण ह्यातल्या काहींना अजून त्याच ऑफिसात रोज चकरा मारायच्यात.

ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळा घरापासून फक्त सातशे मीटर, तरी मी तिला रोज गाडीवर सोडते कारण मध्ये एक मोठा रस्ता लागतो. आम्ही पालकांनी तीनदा अर्ज दिला, रस्ता सुरक्षित करा म्हणून. शेवटी मिळालं काय, तर एक बोर्ड, "पुढे शाळा आहे, वाहने हळू चालवा". कुणीही हळू चालवत नाही. आता काय करायचं?

बोर्ड लागला म्हणजे त्यांच्या हिशोबाने तुमच्या अर्जाचं काम झालं. राग मानू नका पण "रस्ता सुरक्षित करा" ह्या मागणीत नेमकं काय करायचं ते कुठे लिहिलंय? मग टेबलापलीकडचा माणूस जे सगळ्यात सोपं असेल ते करतो आणि फाइल बंद करतो. मीपण सुरुवातीला असलेच अर्ज लिहिलेत, दोन-दोन पानी, भावनेने ओथंबलेले, आणि उत्तर यायचं की आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे. तो संबंधित विभाग कोणता हे मला कळायलाच चार महिने गेले.

आधी वेगाचं गणित डोक्यात पक्कं करा, कारण मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणणारच की तीस काय आणि पन्नास काय, असा काय मोठा फरक पडतो. समजा पोरगं अचानक रस्त्यात आलं. ते दिसल्यापासून ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ताशी 30 ची गाडी 8 मीटर पुढे सरकलेली असते आणि मग कोरड्या रस्त्यावर अजून 5 मीटरमध्ये थांबते, म्हणजे सगळं मिळून 13-14 मीटर. ताशी 50 ची गाडी त्या पहिल्या एका सेकंदातच जवळजवळ 14 मीटर गेलेली असते! म्हणजे पहिली गाडी जिथे येऊन पूर्ण थांबली, त्याच जागी दुसरीचा ब्रेक आत्ता कुठे लागायला लागलाय. आणि वाचतं काय? शाळेसमोरचा अर्धा किलोमीटर 30 ने जायला 60 सेकंद लागतात आणि 50 ने 36. चोवीस सेकंद, ते पण पुढचा सिग्नल हिरवा असेल तर, नाहीतर तेच चोवीस सेकंद तिथे उभं राहून घालवायचे.

आता बोर्डाचं. माणूस समोर रस्ता जसा दिसतो तसा चालवतो, रुंद सरळ मोकळा दिसला की पाय आपोआप खाली दाबला जातो, तुमचा माझा सगळ्यांचाच. म्हणून मागणी रस्त्याच्या आकाराची करायची. शाळेसमोर सहसा चार गोष्टींनी फरक पडतो: झेब्रा क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला उचलून घेणं, म्हणजे पोरं खाली उतरत नाहीत आणि गाडीला चढून उतरावं लागतं, कोपऱ्यावर फुटपाथ थोडा रस्त्यात पुढे आणणं, म्हणजे ओलांडायचं अंतर कमी होतं आणि वळणारी गाडी स्पीडमध्ये वळूच शकत नाही, रस्ता रुंद असेल तर मध्ये थांबायला एक बेट, आणि क्रॉसिंगच्या आधीचे सहा-सात मीटर पार्किंग बंद, तिथे खांब. ह्यातलं शेवटचं सगळ्यात कमी खर्चाचं, म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात केली. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये होबोकन नावाचं छोटं दाट वस्तीचं शहर आहे, तिथे एकेक करत चौकांचे कोपरे असेच मोकळे केले, बाकीही बऱ्याच गोष्टी केल्या, आणि 2017 नंतर कित्येक वर्षं तिथे रस्ता अपघातात एकही माणूस गेला नाही. हे उदाहरण मीटिंगमध्ये चालतं, मी वापरलंय.

पण चारही गोष्टी एकदम मागू नका. एक जागा, एक गोष्ट. आणि त्यासोबत तुमचे स्वतःचे आकडे. शाळा भरायच्या आधीचा अर्धा तास, तीन दिवस, दोन जणी. एकीने मोजायचं किती पोरं ओलांडतात आणि प्रत्येकाला किती वेळ थांबावं लागतं, दुसरीने मोजायचं किती गाड्या थांबल्या आणि किती तशाच गेल्या. कागदावर रेघा मारायच्या, पाचाचा गठ्ठा, बस्स. आम्ही मोजलं तेव्हा एक मुलगा हातात डबा घेऊन तब्बल दोन मिनिटं दहा सेकंद उभा होता, तीनदा पाऊल टाकून मागे आला, आणि शेवटी एका ट्रकच्या मागून पळाला. आमच्या सगळ्या आकड्यांपेक्षा त्या ऑफिसातल्या बाई ह्या एका ओळीवर थांबल्या, परत वाचली, आणि म्हणाल्या वेळ कोणती होती. त्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी जागेवर बघायला आलं.

आणि एक, शाळेच्या वेळेला तिथे ज्या गाड्या असतात त्यातल्या बऱ्याचशा आपल्याच असतात, पोरांना सोडायला आलेल्या पालकांच्या. तुमचीपण. सात-आठ पोरं एकत्र, पुढे एक मोठं माणूस मागे एक, ठरलेल्या वेळेला ठरलेल्या जागांवरून पोरं गोळा करत चालत शाळेत, असं आठवड्यातून एक दिवस जरी सुरू केलंत तरी दोन गोष्टी होतात, गाड्या थोड्या कमी होतात आणि रस्ता ओलांडणारा घोळका ड्रायव्हरला लांबून दिसतो.

तुम्ही सगळे सायकल सायकल करता. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, मला सायकल चालवायची नाही, मला फक्त चालायचं आहे. आणि फुटपाथवर मागून येऊन घंटा वाजवणारे तुमचेच सायकलवाले असतात!

काका, तुमचं पत्र मी आमच्या ग्रुपमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. दोघांनी मान खाली घातली.

फुटपाथवर सायकल नको, ह्यात माझं काहीच दुमत नाही. सायकलवाला फुटपाथवर चढतो कारण रस्त्यावर त्याला ट्रकची भीती वाटते, हे खरं आहे, पण म्हणून त्याने स्वतःची भीती तुमच्यावर ढकलावी असं होत नाही. उतरून ढकलत न्यावी. आणि जिथे रोज पन्नास जण चढतात तिथे सायकलला वेगळी जागा मागायला तुम्ही आणि आम्ही एकत्र जाऊ, कारण ती मिळाली की फुटपाथ तुमचा मोकळा होतो. फुटपाथच्या मध्ये एक रेघ मारून अर्धा तुमचा अर्धा त्यांचा, असला तोडगा कुणी आणला तर मात्र सही करू नका, त्याने दोघांचं वाटोळं होतं.

तुम्ही सिग्नलबद्दल लिहिलंय की अर्ध्यात पोचेपर्यंत बदलतो. हे तर मोजून दाखवता येतं. आमच्या इथल्या एका चौकात मी मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसले होते, रस्ता 14 मीटर रुंद आणि चालणाऱ्यांचा हिरवा 10 सेकंद. म्हणजे सेकंदाला 1.4 मीटर चालायला हवं. तरणाताठा माणूस घाईत असेल तर जमेल. पण जगभरात सिग्नल ठरवताना साधारण सेकंदाला 1.2 मीटर धरायची पद्धत आहे, आणि काठी टेकत चालणाऱ्याला 0.8 धरलं तर ह्याच रस्त्याला साडेसतरा सेकंद लागतात. एक आजोबा खरंच डिव्हायडरपाशी अडकले होते, दोन्ही बाजूंनी गाड्या, त्यांनी काठी छातीशी आडवी धरली होती. तर टेप घेऊन रुंदी मोजा, सेकंद मोजा, भागाकार करा आणि एवढीच मागणी करा की हिरवा 18 सेकंदांचा करा. ह्याला खोदकाम लागत नाही, सिमेंट लागत नाही, सेटिंग बदलायचंय फक्त.

अजून एक, फुटपाथवर त्या पिवळ्या उठावाच्या फरशा असतात ना, रेघांच्या आणि ठिपक्यांच्या, त्या शोभेच्या नाहीयेत. जपानमध्ये सेइइची मियाके नावाच्या माणसाने अंध लोकांसाठी त्या शोधून काढल्या, 1967 मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. रेघा म्हणजे चालत रहा, ठिपके म्हणजे थांब. तुमच्या फुटपाथवर त्या फरशा थेट विजेच्या खांबावर जाऊन आदळत असतील किंवा त्यांच्यावर कुणी गाडी लावत असेल तर फोटो काढून ठेवा, तुमच्या अर्जात त्याचा फार उपयोग होतो.

आमच्या बाजारातल्या रस्त्यावर पार्किंगची एक रांग काढून तिथे सायकल लेन आणि रुंद फुटपाथ करायचा प्रस्ताव आहे. मी स्वतः दुकानदार आहे आणि मला तो आवडलाय, पण असोसिएशनच्या मीटिंगमध्ये मी एकटा पडलो. सगळे म्हणतात गिऱ्हाईक तुटेल.

तुम्ही तर आमच्यासाठी हिराच आहात, जपून रहा!

दुकानदारांची भीती खोटी नाहीये, त्यांचं पोट त्यावर आहे, त्यामुळे त्यांना मागासलेले वगैरे म्हणणाऱ्या उत्साही कार्यकर्त्यांना आधी मीटिंगच्या बाहेर ठेवा. पण एक गोष्ट वेगवेगळ्या देशांत पुन्हापुन्हा दिसलीय, की आपलं किती गिऱ्हाईक गाडीने येतं ह्याचा दुकानदारांचा अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा बराच जास्त निघतो. का होतं असं, तर दारात गाडी लावून आत आलेला माणूस लक्षात राहतो, शिवाय पार्किंग मिळालं नाही म्हणून कुरकुर करणारा तर नक्कीच राहतो, आणि चालत येऊन छोटीशी खरेदी करून गेलेले दहा जण लक्षात राहत नाहीत. शिवाय त्या पार्किंगमध्ये सकाळपासून कुणाच्या गाड्या असतात ते पण एकदा बघा... बऱ्याचदा दुकानदारांच्याच.

म्हणून वाद घालू नका, एक आठवडा गल्ल्यावर वही ठेवा. बिल करताना एकच प्रश्न, आज कसे आलात? चालत, सायकल, बस, दुचाकी, चारचाकी, पाच रकाने. अजून दोन दुकानदारांना तयार करा, एक तरी तुमच्या विरोधातला घ्या, म्हणजे आकडे तुम्ही बनवले असं कुणी म्हणणार नाही. वहीत चारचाकीवालेच जास्त निघाले तर? तर मान्य करा आणि माल उतरवायला, अपंगांच्या गाडीला ठरलेली जागा आणि वेळ प्रस्तावात घालायला लावा. त्या तर तशाही हव्यातच.

आणि मागणी कायमच्या बांधकामाची करू नका, ट्रायलची करा. न्यूयॉर्कमध्ये 2009 ला टाइम्स स्क्वेअरमधून जाणारा ब्रॉडवेचा तुकडा गाड्यांना बंद केला तेव्हा त्यांनी सुरुवातीला काय केलं, तर रस्त्याला रंग, काही अडथळे, आणि ऑर्डर केलेलं फर्निचर वेळेत आलं नाही म्हणून साध्या घडीच्या खुर्च्या आणून टाकल्या! लोक येऊन बसले. पुढच्या वर्षी ते कायम करायचं ठरलं. युरोपमधली दोन उदाहरणं पण खिशात ठेवा. स्पेनमधलं पोंतेवेद्रा, तिथे 1999 पासून जुनं शहर जवळजवळ पूर्ण चालणाऱ्यांना दिलंय, आणि बेल्जियममधलं गेंट, तिथे 2017 मध्ये शहराचा मधला भाग सहा तुकड्यांत विभागला आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात गाडीने जायचं तर बाहेरच्या रिंगरोडवरून वळसा घालायचा असं केलं, चालत किंवा सायकलने मात्र सरळ जाता येतं. गेंटने सगळीकडे गाडी बंद नाही केली, शॉर्टकट बंद केला. हा फरक तुमच्या असोसिएशनला नीट समजावून सांगावा लागेल, कारण "सायकल लेन" म्हटलं की लोक ऐकतात "गाडीबंदी".

रस्त्याच्या कडेला हिरवा पट्टा रंगवून दिलाय, सायकल लेन म्हणून. एवढं पुरे आहे का?

नाही. दुसऱ्या दिवशी त्यावर गाड्या लागल्या असतील, पैज लावते.

एक साधी परीक्षा सांगते, त्या पट्ट्यावरून तुम्ही तुमच्या दहा वर्षांच्या पोराला एकटं सोडाल का? नसेल सोडत तर तो रंग आहे. मध्ये काहीतरी उंच हवं, खांब, कठडा, झाडांच्या कुंड्या, काहीही. आणि सलग हवं, कारण अर्धा किलोमीटर छान लेन आणि मग नेमक्या चौकात गायब असं असेल तर ती जिथे सगळ्यात जास्त गरज आहे तिथेच संपते, अपघात चौकातच जास्त होतात. स्पेनमधल्या सेविलने 2006 नंतर थोड्याच वर्षांत एकमेकांना जोडलेल्या, गाड्यांपासून वेगळ्या लेनचं जाळं उभं केलं, तुकड्यातुकड्याने वीस वर्षं घालवली नाहीत, आणि तिथे सायकलवर कुणी दिसायचं नाही ते लोक कामावर सायकलने जायला लागले.

सायकलवाले सिग्नल तोडतात, उलट्या बाजूने येतात, हेल्मेट घालत नाहीत. आधी त्यांना शिस्त लावा, मग सोयी मागा.

ह्या आशयाची सात पत्रं आलीयत, एकत्रच उत्तर देते.

सिग्नल तोडणं चूक, उलटं येणं धोक्याचं. ह्यात सायकलवाल्यांची बाजू घेणार नाही. पण गाडीवाले वेग मर्यादा मोडतात म्हणून आधी त्यांना शिस्त लावा मग रस्ता बांधा असं कुणी कधी म्हटलंय का? आणि उलट्या बाजूने येणारे दिसले की मी आता एक बघते, की त्या माणसाला सरळ बाजूने जायचं तर किती लांबून वळून यावं लागलं असतं. एका ठिकाणी सव्वा किलोमीटर निघालं, समोर दिसणाऱ्या गल्लीत जायला. तिथे डिव्हायडरमध्ये सायकल आणि माणसापुरती फट ठेवली की अर्ध्याहून जास्त उलटे सुलटे होतील असं माझं मत आहे, अजून करून बघायला मिळालेलं नाही.

हेल्मेट मी स्वतः घालते. पण नेदरलँड्समध्ये रोजच्या सायकलवर फार थोडे लोक घालतात आणि तरी तिथे सायकल चालवणं जगातल्या बहुतेक ठिकाणांपेक्षा सुरक्षित आहे, कारण तिथे सायकल आणि ट्रक एका जागेत ठेवलेलेच नाहीत. हेल्मेट पडल्यावर डोकं वाचवतं, धडक होऊ नये म्हणून रस्ताच लागतो.

आम्ही तिघंच आहोत. पहिल्या मीटिंगला अठरा आले, दुसरीला सात, आता तिघं. आणि लोक म्हणतात हे सगळं त्या नेदरलँड्सला ठीक आहे, त्यांच्या रक्तातच सायकल आहे.

तिघं पुरतात हो. आम्ही पाच होतो आणि त्यातले दोघं फक्त फॉरवर्ड करायचे.

रक्ताबिक्ताचं काही नाहीये. 1971 मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यावर सुमारे 3,300 माणसं गेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं होती. शहरांमधून गाड्यांसाठी रस्ते रुंद करणं चालू होतं आणि सायकली वर्षानुवर्षं कमी होत होत्या. फिक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची मुलगी अशीच गेली, त्याने पेपरात लेख लिहिला, मथळा होता "स्टॉप दे किंडरमोर्ड", म्हणजे मुलांच्या हत्या थांबवा. त्याच नावाने चळवळ उभी राहिली, तिची पहिली अध्यक्ष मार्त्ये फान पुटेन, तेव्हा तरुण आई, पुढे युरोपियन संसदेत गेली. लोकांनी रस्ते अडवले, अपघाताच्या जागी जमले, पोरांना खेळायला गल्ल्या बंद करून घेतल्या. 1973 ला तेलाचं संकट आलं, सरकारने रविवारी गाड्या बंद ठेवल्या तेव्हा लोकांना कळलं की आपला रस्ता गाड्यांशिवाय कसा दिसतो. आणि सगळं एकदम नाही झालं, डेल्फ्टमध्ये राहत्या वस्तीतल्या गल्ल्या पोरंबाळं आधी आणि गाडी पाहुणी अशा करून घेतल्या, मग दुसरीकडे, मग कायदा, असं करत करत.

तर तिघांनी कामं वाटून घ्या. एक मोजणारा, एक लिहिणारा, एक जाऊन भेटणारा. भेटणारा शांत डोक्याचा हवा, चिडका माणूस लिहायला बसवा, त्याचे मसुदे बाकीच्यांनी कापायचे. ऑफिसात जे इंजिनियर असतात त्यातल्या एखाद्याला तुमचं पटलेलं असतं पण वरून कुणी मागत नाही म्हणून तो गप्प असतो, तो शोधा, त्याला तुमचे आकडे द्या, आणि काम झालं की श्रेय जाहीरपणे त्याला द्या. लोकप्रतिनिधीला जागेवर बोलवा, ऑफिसात नाही, आणि त्यांना सोबत घेऊन रस्ता ओलांडा, शक्यतो बाबागाडी ढकलत. हेलसिंकीत जुलै 2024 पासून पूर्ण वर्षभर रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही, तिथे निम्म्याहून जास्त रस्त्यांवर मर्यादा 30 ची आहे, हे त्यांना ओलांडताना सांगायचं, अलीकडे उभं राहून नाही.

आमचं क्रॉसिंग झालं, फोटो छापून आले. आता वर्षभरात रंग पूर्ण उडालाय आणि कुणी विचारत नाही. परत पहिल्यापासून?

पहिल्यापासून नाही, पण परत हो. ज्या दिवशी काम पूर्ण झालं त्या दिवशीचा फोटो आणि आजचा, दोन्ही एकाच जागेवरून एकाच उंचीवरून काढलेले, शेजारी शेजारी लावा आणि खाली तारखा. नवीन अर्ज करू नका, जुन्याच अर्जाचा नंबर टाकून पाठवा, म्हणजे ती देखभाल ठरते, नवी मागणी ठरत नाही आणि नव्याने मंजुरीच्या फेऱ्यात अडकत नाही. दर सहा महिन्यांनी हे करायचं असं कॅलेंडरवर टाकून ठेवा आणि ते एकाच माणसाकडे द्या, "सगळ्यांनी लक्ष ठेवू" म्हटलं की कुणीच ठेवत नाही. आमच्या त्या कोपऱ्यावरचा तिसरा खांब गेल्या आठवड्यात कुणीतरी पार आडवा केलाय आणि त्या फटीत एक गाडी बरोब्बर बसते. फोटो मंगळवारी पाठवलाय, अजून उत्तर नाहीये, म्हणून सध्या तिथे एका आजींनी स्वतःची जुनी कुंडी आणून ठेवलीय.